सिद्धू धनगराचं बिनआमेनचं गीत

सूस आणि बावधन या दोन गावांच्या मधल्या माळावर आमच्या मंडळीची उपासनेची जागा होती. तिला चर्च म्हटलं असतं तर पुण्यातल्या खऱ्या चर्चांना राग आला असता. चार मातीच्या भिंती, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन आणि घंटेच्या जागी दारात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून येत, तेव्हा मास्तरांच्या घरची एकुलती एक खुर्ची डोक्यावर घालून आणावी लागे. उपासना संपली की ती लगेच परत जाई, कारण मास्तरांना दुपारी तीवर बसून झोपायची सवय होती.

मंडळीत माणसं तेवीस, अंगावरची पोरं धरून. पेटी नव्हती, ऑर्गन नव्हता. त्या सगळ्याच्या जागी एक सिद्धू धनगर होता आणि तो एकटा पुरून उरायचा.

धनगराचा गळा मुळात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर पोचायला घडवलेला. तो चार भिंतींत कोंडला की काय होतं ते आमच्या कौलांना विचारावं. सिद्धूनं पहिल्या रविवारी गीत उचललं तेव्हा आढ्यावरची कबुतरं उडाली ती पुन्हा कधी राहायला आली नाहीत. वाल्मीक मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत आणि पाद्रीसाहेब नसत त्या रविवारी उपदेशही करत. त्यांनी फक्त चष्मा सावरला आणि म्हणाले, "सिद्धूभाऊ, देव इथंच आहे. खिंडीपलीकडे नाही."

"मग तर बरंच झालं की मास्तर," सिद्धू म्हणाला, "नीट ऐकू यील त्येला."

सिद्धूला अक्षर येत नव्हतं. मास्तर पुस्तकातून एक ओळ वाचत, सिद्धू ती गाऊन दाखवी आणि मग मंडळी त्याच्यामागून म्हणे. एकदा कानावरून गेलेली ओळ त्याच्या डोक्यातून हलत नसे. दोन वर्षांत मास्तरांचं पुस्तक नुसतं शोभेला उरलं. मास्तरांना हे थोडं लागलं असावं, कारण मधूनमधून ते उगीचच एखादं कडवं वगळत आणि सिद्धू तेही गाऊन टाकी.

हा माणूस आमच्यात आला कसा? मानमोडीची साथ आली त्या साली त्याची दोन लेकरं एका आठवड्यात गेली. तो आणि त्याची बायको तानूबाई तापानं अंथरुणाला खिळली. भाऊबंद यायचे कुठून, तेही घरोघर तसेच पडलेले. तेव्हा मिशनची प्रचारक सगुणाबाई सूसमध्ये राहायची. ती एकोणीस दिवस तांब्याभर पेज घेऊन त्यांच्या पालावर गेली आणि पेज पाजून होईपर्यंत दाराशी बसून गीतं म्हणत राहिली. सगुणाबाईच्या गाण्याबद्दल खरं सांगायचं तर, तिच्या मनाइतका तिचा गळा चांगला नव्हता. विसाव्या दिवशी सिद्धू उठून बसला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "बाई, गानं लई चांगलं हाय, पर तुमी त्येचं हाल करताय. द्या हिकडं, मी म्हनतो."

तिनं दिलं. त्याचं ख्रिस्तीपण तिथून सुरू झालं. शास्त्रातली इतर कोडी त्यानं मास्तरांवर सोपवली, पण हरवलेल्या मेंढराची गोष्ट मात्र स्वतःकडे ठेवून घेतली. तो म्हणायचा, "मालक सोता गेला हुडकायला. चाकर न्हाई धाडला. त्यो धनगरच असनार." चार वर्षांनी त्यानं आणि तानूबाईनं बाप्तिस्मा घेतला. पाद्रीसाहेबांनी नवं नाव सुचवलं. सिद्धू नम्रपणे म्हणाला, "हाय तेच ऱ्हाऊ द्या, सायेब. देवाला आत्ता कुटं सिद्धू पाठ झालाय."

भाऊबंदांच्या पंचांनी त्याला वाळीत टाकलं. त्याला विस्तव द्यायचा नाही, त्याच्याबरोबर पंगतीला बसायचं नाही, आणि सगळ्यांत जड म्हणजे त्याच्या कातरणीला जायचं नाही. मेंढरांची लोकर कुणी एकटा उतरवीत नसतो. एकाची कातरणी असली की सगळा भावकीचा गोतावळा कातरी घेऊन येतो. एकजण धरतो, दुसरा कातरतो, आणि गळ्याचा जो असेल तो बिरोबाची ओवी लावतो. ओवी चालू असली की मेंढरू गप्प पडून राहतं अशी धनगरांची खात्री आहे. मेंढरांना याबद्दल कुणी विचारलेलं नाही. पूर्वी त्या गोतावळ्यात ओवी लावायचा मान सिद्धूचाच होता, म्हणजे त्याच्या जाण्यानं त्यांचीही कातरणी मुकी झाली होती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण दिसत होतं.

पहिली दोन वर्षं सिद्धू आणि तानूबाईनं दोघांतच रेटून नेलं. रोज आठ-दहा मेंढरं, रात्री पाठ शेकायची, सकाळी पुन्हा सुरू. १९२४ च्या श्रावणात मात्र सिद्धू टेकडीच्या निसरड्या वाटेवर पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्यानं ते बसवलं, पण आपल्या मनाप्रमाणे. भाकरी उचलायला हात ठीक, कातर दाबायला निकामी.

दसरा झाला. पावसाळाभर भिजून चिखलानं थापलेली लोकर मेंढरांच्या अंगावर गोणपाटासारखी घट्ट झाली. तिच्याखाली खरूज धरली. लोकर उतरली की ऊन लागतं, तेल चोळता येतं आणि मेंढरू वाचतं. नाही उतरली तर खरूज कातडीत शिरते आणि मग एकामागून एक मेंढरं पाय ताणतात. सिद्धूची मेंढरं चौऱ्याऐंशी. त्यांतली तीन एका आठवड्यात गेली होती.

तेव्हा त्याचा थोरला भाऊ बाजी आला. पालाच्या आत आला नाही, बाहेर दगडावर बसला. पाणी मागितलं नाही. मेंढरांकडे बघत राहिला.

"सिद्ध्या, खरूज उतरली आत."

"व्हय दादा."

"पंचास्नी बोललोय मी. बारा कातरी घिऊन येतो. येका दिसात मोकळं करतो तुला."

बाजीचं बोलणं संपलेलं नाही हे सिद्धूला ठाऊक होतं.

"रीत तेवडी झाली पायजे. आधी बिरोबाची ओवी, मग कातर. आन् ओवी तू लावायची. येक डाव. मग जा तुज्या देवळात, आडवत न्हाई कोन."

"मी बिरोबाला नावं ठिवत न्हाई, दादा. बापानं त्येच्याच पायाशी वाढवलं आपल्याला. पर तोंड येकच हाय. दिलंय ते येका ठिकानी."

"येक ओवी, सिद्ध्या! कोन मोजनार हाय?"

"मीच की."

बाजी उठला. "चार दिसांनी गिधाडं मोजत बस मग," असं म्हणून निघाला आणि वीस पावलांवर थांबून, मागे न बघता, ओरडला, "त्या काळ्या मेंढीला आज तरी तेल लाव, मरंल ती!"

तानूबाई हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. बाजी दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "येक डाव गायला काय झालं असतं?"

"तू म्हन. आत्ता हाळी देतो त्येला."

"गाऊन तर बघा. दगुड घालीन डोस्क्यात."

"आगं मग पुसलंस कशाला?"

"पुसाय नगं?" तानूबाई म्हणाली. "येक्क्याऐंशी जीव हायेत. त्येंच्या वतीनं कोनी तरी पुसाय पायजे का न्हाई?"

रविवारी सिद्धू नेहमीसारखा आला, नेहमीसारखा गायला. त्यानं कुणालाही काही सांगितलं नाही. दुःख सांगत फिरायची त्याला लाज वाटायची, आणि शिवाय तो धनगर होता, मेंढरांच्या बाबतीत आमच्यासारख्यांकडून मदत मागणं म्हणजे पोहणाऱ्यानं कोंबड्यांना हाक मारण्यासारखं. पण गेणबाच्या नजरेतून काही सुटत नसे. गेणबा मांगवाड्यातला, दोर वळणारा, आणि त्याचं लक्ष माणसांच्या तोंडाआधी हातांकडे जायचं. उपासना संपल्यावर तो म्हणाला, "सिद्धूदादा, टाळी डाव्या हातानं मांडीवर वाजवत हुतास. उजवा कुटं गेला?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाजीची अट, त्यावरचं उत्तर, काळी मेंढी. तोवर काळीही गेली होती. शेवटी सगुणाबाई पदर खोचत म्हणाली, "मास्तर, उद्या शाळेला सुट्टी द्या."

"कशाबद्दल?"

"कातरणीबद्दल."

सोमवारी सकाळी आमची मंडळी सिद्धूच्या पालावर जी अवतरली, ती बघून मेंढरांनीच आधी एकमेकांकडे पाहिलं असणार. सगुणाबाईनं शिवणाच्या वर्गातल्या पाच कात्र्या आणल्या होत्या, परकराचे काठ कापायच्या. एकानं न्हाव्याकडून कैची मागून आणली होती. वाल्मीक मास्तरांनी कागद कापायची आपली खास कात्री आणली होती आणि तिला धार राहावी म्हणून ती फडक्यात गुंडाळली होती. आमच्यापैकी एकानंही जन्मात मेंढरू कातरलेलं नव्हतं. खाल्लं होतं बऱ्याच जणांनी.

गेणबानं पाय बांधायचं काम अंगावर घेतलं. त्याच्या दोराची ख्याती पौडापर्यंत होती. त्यानं पहिल्या सहा मेंढरांना अशा गाठी मारल्या की कातरणी झाल्यावर त्या कुणालाच सुटेनात, त्याला स्वतःलाही. सहाही मेंढरं बांधल्या पायांनी टुणटुण उड्या मारत माळावर निघाली आणि गेणबा त्यांच्यामागे, "आरं थांब, विळा आनतो!" असं ओरडत.

मग पाय न बांधताच कातरायचं ठरलं. पण खरा घोटाळा वेगळाच झाला. सिद्धूनं सांगितलं होतं, गाणं चालू ठेवा, गाणं थांबलं की मेंढरू उठतं. आम्हाला येत होती ती उपासनेची गीतं. तीन कडवी, चार कडवी, आणि शेवटी आमेन. सिद्धूनं गीत उचललं, मंडळीनं साथ दिली, मेंढरं खरोखर निपचित पडली, कात्र्या चालू लागल्या. सगळं झकास. मग गीत संपलं, आणि सगळ्या मंडळीनं वर्षानुवर्षांच्या सवयीनं हात थांबवले, डोळे मिटले, मान खाली घातली आणि एका सुरात "आमेन" म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा हाताखाली मेंढरू नव्हतं. निम्म्या अंगावर लोकर, निम्मं अंग उघडं, अशी सात मेंढरं चौखूर उधळली होती. मास्तरांच्या हातात फक्त कात्री उरली होती आणि तिच्यात अडकलेली मूठभर लोकर. ती सगळी गोळा करून आणायला तासभर गेला. दुसरं गीत घेतलं. पुन्हा चौथ्या कडव्याशेवटी तेच. सिद्धू कळवळून म्हणाला, "आवं मास्तर, आमेन तेवडं ऱ्हाऊ द्या!"

"आमेनशिवाय गीत संपत कसं?" मास्तर घाम पुसत म्हणाले.

"मंग संपवूच नगा की!"

आणि तो उभा राहिला. मोडकं मनगट छातीशी धरून त्यानं आपल्या बापजाद्यांची ओवीची चाल लावली, ती लांबलचक, वळणं घेत जाणारी, जिला शेवट म्हणून नसतोच. शब्द मात्र त्याचे होते, जागच्या जागी जुळवलेले. येशू जन्मला तेव्हा राजाला आधी कळलं नाही, धनगराला कळलं, इथून त्यानं सुरुवात केली. मग मानमोडीची साथ आली, दोन लेकरं आली, त्यांची नावं आली, एकोणीस दिवसांची पेज आली. सगुणाबाईचा बेसूर गळाही आला आणि ती कातरता कातरता लाजली. मग एकेक मेंढरू नावानं आलं, मेलेल्या चारांसकट. प्रत्येक ओवीशेवटी मंडळीनं म्हणायचं एवढंच, "त्यो हाय माजा धनी." डोळे मिटायला जागाच नव्हती. ऊन डोक्यावर आलं, कललं, गाणं चालूच. तानूबाई मधून मधून त्याच्या तोंडाला तांब्या लावायची, तेवढ्यापुरती मंडळी धृपद लांबवायची.

संध्याकाळपर्यंत एकवीस मेंढरं उतरली. उतरली म्हणजे काय, उंदरांनी गोधडी कुरतडावी तशी दिसत होती. कुठं कानामागे झुपका, कुठं पाठीवर बोटभर उंच पट्टा. मास्तरांनी कातरलेल्या मेंढीच्या एका कुशीवर जिल्ह्याच्या नकाशासारखं काहीतरी उमटलं होतं.

मंगळवारी दुपारी बाजी आला. ही मेंढरं रस्त्यावरून चरताना त्याच्या भावकीनं पाहिली होती, आणि सकाळपासून सगळी त्याला विचारत होती, "का रं बाजी, तुज्या बापाच्या कळपाला झालंय काय?" तो तरातरा चालत येऊन थेट नकाशावाल्या मेंढीपाशी थांबला.

"ह्ये कुनी केलं?"

मास्तरांनी कात्री पाठीमागे लपवली.

"मेंढरू हाय का फनस हाय ह्यो? आवं, असं तर लांडगं सुदीक सोलत न्हाईत!"

"मग तुम्ही दाखवा की कसं सोलायचं ते," सगुणाबाई म्हणाली. "भाऊ तुमचा आहे. आम्ही काय, परकर शिवणारी माणसं."

सिद्धू गातच होता, आवाज बसून घोगरा झाला होता, तरी थांबला नव्हता. बाजीनं ऐकलं. चाल त्याच्या ओळखीची होती, त्याच चालीवर ते दोघं लहानाचे मोठे झाले होते. शब्द ओळखीचे नव्हते. मग त्यात त्याच्या मेलेल्या पुतण्यांची नावं आली आणि बाजीनं मान वळवली. मग कमरेची कातर काढली, मांडी घालून बसला, नकाशावाली मेंढी ओढली आणि म्हणाला, "धरा कुनीतरी. गाठ मारू नगा."

त्या दिवशी त्यानं एकट्यानं सव्वीस मेंढरं उतरवली आणि आमच्या लोकांना कातर कशी धरायची ते शिव्या देत शिकवलं. दुसऱ्या दिवशीही आला. धृपद म्हणायला त्यानं तोंड उघडलं नाही. जाताना पाणी प्यायला नाही. सिद्धूनंही आग्रह केला नाही, त्याला भावाची अडचण कळत होती. बुधवारी सूर्य मावळताना शेवटचं मेंढरू मोकळं झालं तेव्हा गाणं थांबलं, आणि इतक्या शांततेची सवय मोडल्यामुळे कुणाला काही सुचेना. सिद्धूच्या तोंडून पुढे आठवडाभर अक्षर फुटलं नाही. तो हातवारे करून बोलायचा आणि तानूबाई सांगायची की लग्नानंतरचा हा तिचा सगळ्यात सुखाचा आठवडा.

खरूज आत शिरलेली आणखी सात मेंढरं गेली. त्र्याहत्तर वाचली. सिद्धूनं गेलेल्यांबद्दल देवाकडे तक्रार केली नाही, पण मास्तरांकडे केली, आणि मास्तरांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

पंधरा दिवसांनी पंचांनी बाजीला बोलावलं. वाळीत टाकलेल्याच्या कातरणीला तो गेला होता आणि रीत पाळली गेली नव्हती. झाडाखाली बैठक बसली. आमचा गेणबा दोर पोचवायच्या निमित्तानं जवळपास घुटमळत होता, म्हणून पुढचं आम्हाला शब्द न् शब्द माहीत आहे.

पंचांनी विचारलं, "तितं ओवी कुनाची चालली हुती?"

"त्येच्या देवाची."

"आन् तू कातरत बसलास?"

"बसलो."

"का?"

बाजी उभा राहिला. तो बोलणारा माणूस नव्हता. त्यानं मुंडासं काढलं, पुन्हा घातलं.

"मीच त्येला म्हनलो हुतो, येक डाव खोटं गा," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी मेंढरं दावनीला लागली हुती, हात मोडलेला, दोन लेकरं मातीत. येक ओवी गायला असता तर समदं वाचत हुतं. न्हाई गायला. त्यो बिरोबाला इसरला म्हनून तुमी त्येला भाईर टाकलं. मी म्हनतो, बिरोबापाशी हुता तवाबी त्यो आसाच हुता, खोटं गायला न्हाई कदी. आपल्या बापाची अवलाद हाय ती. तुमच्यात हाय का कुनी आसा? मला शिक्षा काय द्यायची ती द्या, पर माजा भाऊ हाय त्यो, ह्ये मी आता चारचौघांत म्हननार."

शिक्षा मिळाली. वर्षभर त्याला बैठकीत मागे बसावं लागलं. गेणबा सांगतो, तो मागे बसायचा खरा, पण असा ताठ बसायचा की पुढच्यांना वळून वळून बघावं लागायचं.

गेणबानं हे सगळं रविवारी उपासनेआधी सिद्धूच्या कानावर घातलं. सिद्धू नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. मास्तरांनी गीताची पहिली ओळ वाचली. सिद्धूनं तोंड उघडलं आणि सूर आलाच नाही. मास्तरांनी ओळ पुन्हा वाचली. तरी नाही. मग मागच्या रांगेतून सगुणाबाईनं, तिला जमेल तशी, ओवीच्या चालीवर सुरुवात केली, साफ चुकीच्या पट्टीत. मंडळीनं ती उचलली. सिद्धूनं एकदा वळून तिच्याकडे पाहिलं, पट्टी सुधारायला हात वर केला, आणि काय मनात आलं कोण जाणे, हात खाली घेतला आणि आमच्यामागून म्हणू लागला.